भातावरील सुरळीतील अळी : तिचे जीवनचक्र आणि पाण्याद्वारे बंदोबस्त

भाताची लावणी आटोपून दोन-तीन आठवडे लोटले, रोपांनी मूळ धरले आणि खाचर एकसारखे हिरवे दिसू लागले की शेतकऱ्याच्या मनावरचा भार पुष्कळसा हलका होतो. परंतु नेमक्या याच सुमारास एखाद्या सकाळी खाचराच्या सखल कोपऱ्यातील पीक पांढरट पडलेले दिसते. जवळ जाऊन पाहिले असता पानांचे शेंडे कात्रीने छाटल्यासारखे सरळ तुटलेले असतात, उरलेल्या पात्यांवर कागदासारखे पांढरे पट्टे उमटलेले असतात आणि चुडांच्या आसपास पाण्यावर पानांच्या लहान लहान नळ्या तरंगत असतात. ही ‘सुरळीतील अळी’ या किडीची खूण होय.

हे दृश्य पाहून शेतकरी घाबरतो आणि घाईने औषधाचा पंप खांद्यावर घेतो. पुष्कळ वेळा त्या फवाऱ्याची गरज नसते. या किडीचे सारे आयुष्य खाचरातील साचलेल्या पाण्यावर अवलंबून असते. ते कसे, हे एकदा नीट समजले म्हणजे विषारी औषधाला हात लावण्यापूर्वी बांधाचे तोंड उघडावे, ही गोष्ट आपोआप लक्षात येते. यासाठी या किडीची राहणी सविस्तर जाणून घेणे अगत्याचे आहे.

किडीची ओळख व प्रसार

सुरळीतील अळी ही एका लहान पांढऱ्या पतंगाची अळी आहे. या पतंगाचे शास्त्रीय नाव ‘पॅरापॉयंक्स स्टॅग्नॅलिस’ असे आहे. १८५२ साली झेलर या जर्मन शास्त्रज्ञाने दक्षिण आफ्रिकेतील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. पुढे दोनच वर्षांनी, १८५४ साली, गुएने या फ्रेंच शास्त्रज्ञाने यालाच दुसरे नाव दिले. त्यामुळे जुन्या पुस्तकांतून हीच कीड ‘निंफ्युला डिपंक्टॅलिस’ या नावाने आढळते. नावे दोन असली तरी कीड एकच आहे. ‘स्टॅग्नॅलिस’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून साचलेल्या पाण्याशी संबंधित असा त्याचा अर्थ आहे. तो या किडीस सर्वथा शोभतो.

आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया अशा विस्तीर्ण प्रदेशात ही कीड पसरलेली आहे. भारताप्रमाणेच श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपाईन्स या भात पिकविणाऱ्या देशांत ती परिचित आहे. आपल्याकडे कोकणातील ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे, गोवा, सह्याद्रीच्या कुशीतील मावळासारखा भरपूर पावसाचा भाग, तसेच पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या बांध्या हे तिच्या वस्तीस अनुकूल प्रदेश होत. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. तेथे पीक लहान असताना शेतात सतत पाणी उभे असते. वरकस जमिनीवरील भातात, जेथे पाणी साचत नाही तेथे, या किडीला थारा मिळत नाही.

भाताखेरीज पाणथळ जागी वाढणाऱ्या काही गवतांवरही ही अळी जगते. शेतात भात नसते त्या काळात पाटाच्या कडेचे, डबक्यातील व बांधालगतचे गवत तिला आसरा देते आणि तेथूनच ती पुढील हंगामात पिकावर येते.

जीवनचक्र

इतर पतंगांप्रमाणे या किडीच्याही अंडे, अळी, कोश व पतंग अशा चार अवस्था असतात. त्यांपैकी पिकाचे नुकसान केवळ अळी करते.

अंडी : मादी पतंग रात्री अंडी घालते. पाण्याला टेकलेल्या किंवा पाण्यावर आडव्या पडलेल्या पानांच्या खालच्या बाजूस ती एक-दोन ओळींत चिकटविलेली असतात. अंडी फिकट पिवळी व चपटी असून साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. एक मादी साधारणपणे पन्नासच्या आसपास अंडी घालते. दोन ते सहा दिवसांत, बहुधा चौथ्या दिवशी, अंडी फुटतात. लावणीनंतरच्या पहिल्या दिवसांत लांबलेल्या रोपांची पाने पाण्यावर लोळत असतात. अशा वेळी खाचर तुडुंब भरलेले असेल तर मादीला अंडी घालण्यास आयतीच जागा मिळते.

अळी : अंड्यातून निघालेली बारीक अळी प्रथम कोवळ्या पानाचा पृष्ठभाग खरवडून खाते. एक-दोन दिवसांत ती स्वतःसाठी सुरळी तयार करते व पुढील सर्व काळ सुरळीतच राहते. पूर्ण वाढलेली अळी फिकट हिरवी, काहीशी पारदर्शक आणि सुमारे दोन सेंटिमीटर लांब असते. तिचे डोके तांबूस-तपकिरी असते. तिच्या शरीराच्या दोन्ही बाजूंस बारीक फांद्या फुटलेल्या धाग्यांसारखे अवयव दिसतात. हे तिचे कल्ले होत. माशाप्रमाणे ही अळी पाण्यात विरघळलेला प्राणवायू या कल्ल्यांवाटे घेते. पतंगवर्गातील बहुसंख्य अळ्या हवेत श्वास घेतात व पाण्यात बुडाल्यास मरतात. या अळीची रीत त्याच्या उलट आहे. अळीची अवस्था पंधरा ते तीस दिवस टिकते व तेवढ्या काळात ती अनेकदा कात टाकते.

कोश : वाढ पूर्ण झाली की अळी आपली शेवटची सुरळी चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीजवळ, रेशमी धाग्यांनी घट्ट बांधते व आतच कोशात जाते. ही अवस्था चार ते सात दिवसांची असते.

पतंग : कोशातून बाहेर पडणारा पतंग नाजूक व पांढराशुभ्र असतो. पंख पसरले असता त्याची रुंदी सुमारे दीड सेंटिमीटर भरते. पंखांवर फिकट तपकिरी व काळसर ठिपके असतात. दिवसा तो पिकात दडून राहतो आणि बांधावरून चालताना पिकाला धक्का लागला म्हणजे थोडेसे उडून पुन्हा बसतो. रात्री तो दिव्याकडे आकर्षित होतो. त्याचे आयुष्य थोड्या दिवसांचे असते.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा सुमारे तीन ते सहा आठवड्यांत पुरा होतो.

सुरळी कशी तयार होते

सुरळी तयार करताना अळी पानाच्या शेंड्याजवळ जाऊन पाते एका बाजूने कुरतडते. कापलेल्या भागास रस मिळेनासा झाला की तो आपोआप आतल्या अंगास वळू लागतो. अळी त्या वळलेल्या पात्याच्या दोन्ही कडा तोंडातून काढलेल्या रेशमी धाग्याने जोडते. नंतर दुसरा छेद देऊन ती ही नळी पानापासून वेगळी करते व नळीसकट पाण्यात पडते. पानांचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सरळ दिसतात त्याचे कारण हेच.

सुरळीला अस्तरासारखे रेशीम लावलेले असते व तिच्यात पाणी साठून राहते. अळी खाण्यासाठी सुरळीसह पानावर चढते, तेव्हा हेच पाणी तिचे कल्ले ओले ठेवते. डोके व पुढचे पाय तेवढे बाहेर काढून ती पानाचा हिरवा भाग खरवडते आणि धक्का लागताच आत शिरते. सुरळी पाण्यावर तरंगत असल्याने वाऱ्याच्या झुळकेबरोबर ती एका चुडापासून दुसऱ्या चुडापर्यंत पोहोचते. अशा रीतीने एकच सुरळी अळीला निवारा, पाण्याचे भांडे व होडी या तिन्ही गोष्टींचे काम देते.

अळी मोठी होत जाते तशी जुनी सुरळी तिला अपुरी पडते. मग ती जुनी टाकून नवी तयार करते. म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या सर्वच सुरळ्यांत अळ्या असतात असे समजू नये. हिरवी व ताजी सुरळी बहुधा भरलेली असते. वाळून तपकिरी झालेल्या पुष्कळ सुरळ्या रिकाम्या असतात. केवळ सुरळ्यांची गर्दी पाहून किडीचे प्रमाण ठरविल्यास अंदाज हमखास चुकतो. दहा-वीस सुरळ्या उचलून त्या उकलून पाहाव्यात.

नुकसानीचे स्वरूप

अळी पानाचा हिरवा भाग खाते व खालचा पातळ पापुद्रा शिल्लक ठेवते. खरवडलेल्या जागी पात्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखे पांढरे पट्टे दिसतात. शेतात सर्वत्र सारखे नुकसान क्वचितच होते. सुरळ्या पाण्याच्या उताराने व वाऱ्याच्या दिशेने वाहत जाऊन एका बाजूस गोळा होतात. पावसाळ्यात कोकणात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहत असल्यामुळे पाहणी करताना खाचराचा सखल भाग व ईशान्येकडील कड प्रथम तपासावी.

ही अळी पाने खाते, पण रोपाच्या वाढीच्या कोंबास हात लावत नाही. खोडकिडीने पोखरलेला फुटवा मरतो, तसे येथे घडत नाही. जोमदार रोप नवी पाने व फुटवे देऊन दोन-तीन आठवड्यांत सावरते. फुटवे फुटण्याचा भर ओसरल्यावर नवे नुकसान सहसा होत नाही. यामुळे पुष्कळ शेतांत पीक पांढरे दिसले तरी उत्पन्नात विशेष घट येत नाही.

तथापि ही कीड क्षुल्लक समजून तिकडे पाठ फिरविणेही योग्य नव्हे. लावणीनंतर लगेच, रोप अशक्त असताना, हल्ला जोराचा झाल्यास वाढ खुंटते, काही रोपे दगावतात आणि उरलेले पीक आठ-दहा दिवस उशिरा तयार होते. गरव्या भाताला हा उशीर जाचक ठरतो, कारण ऐन दाणे भरताना परतीचा पाऊस संपलेला असतो. ज्या गावांतून भात कापल्यावर जमिनीतील ओलीवर वाल घेतला जातो, तेथे कापणी लांबली की वालाच्या पेरणीची ओलही हातची जाते. नुकसान केवळ पानांवरून मोजून चालत नाही, ते यामुळेच.

सारख्या दिसणाऱ्या किडी

गावोगावी या किडीची ‘पाने गुंडाळणाऱ्या अळी’शी गल्लत होते. दोहोंतील फरक सोपा आहे. पाने गुंडाळणारी अळी पाते लांबीच्या दिशेने दुमडून त्याच्या कडा जोडते. ती गुंडाळी झाडावरच राहते व पानाचा शेंडा शाबूत असतो. सुरळीतील अळीची नळी आखूड, पानापासून सुटी झालेली व दोन्ही बाजूंनी कापलेली असते, आणि ती पाण्यात तरंगताना सापडते. पाणी काढून टाकण्याचा उपाय पाने गुंडाळणाऱ्या अळीस लागू पडत नाही. म्हणून उपाय सुरू करण्यापूर्वी कीड कोणती हे निश्चित करावे.

पाहणी

लावणीनंतर दहाव्या दिवसापासून फुटवे फुटण्याचा काळ संपेपर्यंत आठवड्यातून एकदा तरी खाचरात उतरून पाहणी करावी. नुसते बांधावरून पाहू नये. खाचराच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे चालत जाऊन वीस चूड तपासावेत व प्रत्येक चुडात नव्याने कापलेली किंवा खरवडलेली पाने किती आहेत ते मोजावे. चुडागणिक सरासरीने एक-दोन ताजी कापलेली पाने आढळू लागली व सुरळ्यांत जिवंत अळ्या दिसल्या म्हणजे पुढील उपाय योजण्याची वेळ झाली असे समजावे. रात्री घरच्या दिव्याभोवती बारीक पांढरे पतंग दिसू लागले तर ती आगाऊ सूचना मानून पाहणी वाढवावी.

पाण्याद्वारे बंदोबस्त

अळीचे कल्ले ओले राहिले तरच ती जगते. पाणी ओसरले की तिची होडी जमिनीवर बसते, सुरळीतील ओल आटते व अळी मरते. या एका गोष्टीवर पुढील सर्व क्रिया आधारलेली आहे.

प्रथम खाचरात थोडे पाणी असताना दोन माणसांनी एक लांब दोरी दोन्ही टोकांस धरून पिकाच्या शेंड्यांवरून ओढत न्यावी. नंतर तीच दोरी उलट दिशेने फिरवावी. यामुळे पानांवर चढलेल्या व लटकलेल्या सुरळ्या पाण्यात पडतात. दोरी फार दाबून ओढू नये. कोवळी रोपे उपटली जातात.

त्यानंतर सखल बाजूस बांधाचे तोंड उघडून पाणी बाहेर सोडावे. तोंडाशी मच्छरदाणीचे जुने कापड किंवा बारीक विणीची टोपली लावावी. पाण्याबरोबर वाहून आलेल्या सुरळ्या तेथे अडकतात. त्या गोळा करून कोरड्या जागी खड्ड्यात पुराव्यात. बांधाच्या ओलसर कडेला त्यांचा ढीग टाकल्यास अळ्या पुन्हा पाणी गाठतात व सारा श्रम वाया जातो.

खाचर दोन ते तीन दिवस कोरडे ठेवावे. जमिनीत ओल असावी, पण पृष्ठभागावर पाणी उभे नसावे. खाचरात खळगे असतील तर पाणी त्यांत साचून राहते व अळ्या तेथे तग धरतात. म्हणून असे खळगे बारीक चर काढून मोकळे करावेत. चिखलणीच्या वेळी जमीन नीट सपाट केलेली असेल तर हे काम पुष्कळ सोपे होते.

नत्रखताचा हप्ता द्यावयाचा असेल तर तो या क्रियेपूर्वी देऊ नये, कारण खत पाण्याबरोबर वाहून जाते. पाणी काढून झाल्यावर ओल्या चिखलावर शिफारशीप्रमाणे खत द्यावे व मग पाणी घ्यावे. त्यामुळे नुकसान झालेल्या रोपांना नवे फुटवे काढण्यास मदत होते. नत्र शिफारशीपेक्षा अधिक मात्र देऊ नये.

चुडाच्या बुंध्याशी बांधलेल्या कोशांच्या सुरळ्या दोरीने सुटत नाहीत. म्हणून सहा-सात दिवसांनी पुन्हा पाहणी करावी व ताजे नुकसान दिसल्यास क्रिया एकवार परत करावी.

शेजारच्या खाचराचा प्रश्न

उतारावरील खाचरांत वरच्याचे पाणी खालच्याच्या खाचरात उतरते. वरच्या शेतकऱ्याने जाळी न लावता पाणी सोडले तर त्याच्या शेतातील कीड खालच्या शेतात पोहोचते. तेव्हा हा उपाय एकट्याने न करता एका वहाळावरील किंवा एका पाटावरील सर्व शेतकऱ्यांनी ठरवून एकाच दोन-तीन दिवसांत करावा. प्रत्येक तोंडाशी जाळी लावण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्यावर असावी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने पाहणी झाल्यावर अशा खातेदारांना एकत्र बोलावून दिवस निश्चित करून द्यावा. या किडीच्या बाबतीत त्याच्याकडून होणारे हे सर्वांत मोलाचे साहाय्य होय.

पाणी सोडण्यापूर्वी आकाशाकडेही पाहावे. केवळ पावसावर अवलंबून असलेल्या खाचरात पावसाची उघडीप लांबण्याची चिन्हे असतील तर काढलेले पाणी परत मिळेल याची शाश्वती नसते, आणि कोरड्या खाचरात तणही जोर धरते. अशा वेळी दोरी फिरवून वाऱ्याने कडेस जमलेल्या सुरळ्या सुपाने किंवा टोपलीने उपसून काढाव्यात व पाण्याची पातळी शक्य तितकी उथळ ठेवावी.

मित्र प्राणी आणि औषधांचा वापर

खाचरात या किडीचे पुष्कळ शत्रू वावरत असतात. गोगलगाई पानांवरील अंडी खातात, पाणभुंगेरे अळ्यांचा फडशा पाडतात, काही बारीक गांधीलमाशा अळ्या व कोश यांवर आपली उपजीविका करतात, तर कोळी, चतुर व पक्षी पतंगांना टिपतात. औषध फवारले की हे सर्व साह्यकर्ते किडीबरोबरच मरतात व पुढे तुडतुड्यांसारख्या अन्य किडींना रान मोकळे मिळते. पाण्यावर रॉकेल टाकण्याची पूर्वीची रीतही पाण्यातील मित्र प्राण्यांना मारक आहे. दोरी, जाळी व पाण्याचा निचरा यांनी काम भागत असेल तर त्या रीतीचा अवलंब करू नये.

पाणी काढणे सर्वथा अशक्य आहे, पीक अद्याप लहान आहे आणि ताजे नुकसान वाढतच आहे, अशा परिस्थितीतच औषधाचा विचार करावा. कोकणात दापोली येथील व विदर्भात अकोला येथील कृषि विद्यापीठाची त्या हंगामातील शिफारस कृषि कार्यालयातून माहीत करून घ्यावी व तीत सांगितलेलेच औषध, तेवढ्याच प्रमाणात, प्रथम उपद्रव झालेल्या भागावर वापरावे. फवारलेल्या खाचरातील पाणी ओढ्यात किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नये.

पुढील हंगामासाठी

लावणीपूर्वी बांध, पाट व डबक्यांच्या कडेचे गवत काढून टाकावे. रोपे फार लांबू न देता योग्य वयाची लावावीत. लावणीनंतर पहिले काही दिवस पाणी दोन-तीन सेंटिमीटरहून अधिक ठेवू नये. पाने पाण्यावर लोळली नाहीत तर मादीला अंडी घालण्यास जागा कमी मिळते. उन्हाळी अथवा वायंगण भातातही पाणी सतत साचून राहत असल्यास हीच दक्षता घ्यावी.

बांधाचे तोंड उघडण्यास पैसा लागत नाही. जाळीचा एक तुकडा, एक दोरी आणि शेजाऱ्यांचा एकविचार एवढे साहित्य प्रत्येक गावात आहे. खाचराचा कोपरा पांढरा दिसताच शेतकरी बंधूंनी आधी पाण्यावरची एक सुरळी उचलून उकलावी, आत अळी आहे की नाही ते पाहावे, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.